इंजिन गार, माणसं मात्र घामाघूम!

गाडी घेताना घरातल्या बाईचं मत विचारतात ते रंगापुरतं. फार तर सीटकव्हरांपुरतं. बॉनेटखालचा कारभार पुरुषांचा, अशी आपल्याकडे एक समजूत आहे, आणि खरं सांगायचं तर आपणही ती मोडायला फारशा जात नाही. गाडीचा एसी नीट चालेनासा झाला की, "गॅस कमी झाला असेल, भरून आणतो," हे वाक्य ऐकून आपण गप्प बसतो. मग गॅस भरून येतो, चार दिवस बरे जातात, आणि पुन्हा तीच तऱ्हा! मागच्या सीटवर बसून घाम पुसायचा तो मात्र आपण, आपल्या सासूबाईंनी आणि मांडीवरच्या मुलानं.

आज ज्या बिघाडाबद्दल लिहिते आहे, तो जरा चमत्कारिक आहे. गाडी घाटात तापते, पाणी उकळतं, म्हणून घरातली हौशी मंडळी तिला जास्त गार ठेवणारं सामान बसवतात. जाड, दुहेरी जाळीचा रेडिएटर, विजेवरचे जोरदार पंखे, कधी तेल गार करणारी वेगळी जाळी. इंजिनाचा काटा मग शहाण्या मुलासारखा जागच्या जागी बसतो. पण नेमका त्याच दिवसापासून एसी रुसतो. गार करणारं सामान वाढवलं, तर गारवा कमी कसा झाला? हे कोडं सोडवायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. स्वयंपाकघरातल्या फ्रीजची नीट ओळख असली की पुरे.

आधी फ्रीजची पाठ आठवा

फ्रीज भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये, हे आपण सगळ्याच जाणतो. का बरं? फ्रीज गारवा 'तयार' करत नाही. आतली उष्णता उचलून तो बाहेर टाकतो. आतल्या दुधाची, भाजीची, कालच्या आमटीची उष्णता त्याच्या पाठीवाटे किंवा कुशीवाटे खोलीत सोडली जाते. तिथून ती निघून जायला वारा मिळाला नाही, तर आत गार होणार कसं?

गाडीचा एसी म्हणजे हाच फ्रीज, फक्त आडवा पसरलेला. डॅशबोर्डच्या मागे एक थंड जाळी असते. आपल्याकडचे कारागीर तिला कूलिंग कॉइल म्हणतात. ब्लोअर तिच्यातून हवा ढकलतो, ती गार होऊन आपल्या तोंडावर येते. तिथे शोषलेली उष्णता गॅस घेऊन जातो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्या गॅसला दाबतो, आणि दाबलेला तापलेला गॅस जातो गाडीच्या नाकाशी असलेल्या दुसऱ्या जाळीत. ती जाळी म्हणजे कंडेन्सर, फ्रीजची पाठ! तिथे वारा लागून गॅसचा द्रव होतो, आणि तो द्रव पुन्हा आत येऊन गारवा देतो.

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक गाड्यांत कंडेन्सर पुढे आणि इंजिनाचा रेडिएटर त्याच्या अगदी पाठीशी, असे दोघे खेटून उभे असतात. एकाच खिडकीतून दोन बिऱ्हाडांना वारा. गाडी धावत असते तेव्हा समोरून वारा भरपूर येतो, कोणाचीच तक्रार नसते. पण सिग्नलला गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. रेडिएटरसाठी केलेला कुठलाही बदल म्हणूनच शेजारच्या बिऱ्हाडाला भोगावा लागतो.

वारा मिळाला नाही तर काय होतं, हे आकड्यांत पाहा. सध्याच्या पुष्कळ गाड्यांत आर-१३४ए हा गॅस असतो. कंडेन्सरमध्ये ५० अंश तापमान असताना त्याचा दाब साधारण १२ बार असतो, ६० अंशांना १६ आणि ७० अंशांना २० बार. आपल्या प्रेशर कुकरची शिट्टी होते ती जेमतेम १ बारला, म्हणजे बघा! दाब चढत चढत बहुतेक गाड्यांत ३० बारच्या आसपास गेला की सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंदच करतो. मग जाळीतून येतो तो नुसता वारा.

नागपूरच्या उन्हात

माझी एक मावसबहीण नागपूरला असते. तिच्या सासऱ्यांचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, धंतोलीतल्या एका इस्पितळात. ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना ठाऊक असेल, ह्या माणसांना पाणीसुद्धा मोजून प्यावं लागतं. बाहेर मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, घशाला कोरड, आणि हातातल्या बाटलीतलं पाणी घोटाघोटानं पुरवायचं. त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या प्रवासात एसी ही चैन नसते, औषधच असतं.

त्यांची गाडी जुनी, पण सांभाळलेली. २०२३ च्या दिवाळीत सगळी मंडळी चिखलदऱ्याला गेली, तेव्हा घाटात ती तापली. बहिणीचा दीर मोठा हौशी. त्यानं परत आल्यावर ॲल्युमिनियमचा जाड रेडिएटर आणि दोन विजेचे पंखे आणून गॅरेजात बसवून घेतले. रेडिएटर जाड, त्यामुळे जुन्या पंख्यांना जागा उरली नाही. रेडिएटरचा एक आणि एसीचा स्वतंत्र एक, असे दोन्ही जुने पंखे काढून ठेवले गेले. हिवाळ्यात कोणाला काही जाणवलं नाही. २०२४ चा मार्च उजाडला आणि एसीनं हात टेकले.

गॅरेजवाल्यानं गॅस भरला. आठवड्यानं पुन्हा भरला. तिसऱ्यांदा भरताना तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेलाय, नवा टाकावा लागेल." रक्कम ऐकून घरात शांतता पसरली. सासरे म्हणाले, "राहू दे, मी रिक्षानं जाईन." हे ऐकून मात्र बहीण उठली.

तिनं काय केलं असेल? दुधाच्या हिशेबाची वही घेतली आणि आठवडाभर गाडीत बसल्या बसल्या टिपणं केली. सकाळी सात वाजता गार. वर्धा रोडवर गाडी वेगात असताना गार. सिग्नलला दोन मिनिटांनी कोमट. गाडी हलली की पुन्हा गार. दुपारी बाराला सिग्नलवर 'टक्' असा आवाज, आणि मग गरम वारा. असं पानभर.

ही वही घेऊन ती फक्त एसीचंच काम करणाऱ्या एका वयस्कर कारागिराकडे गेली. त्यानं वही वाचली, चष्मा वर केला आणि एकच प्रश्न विचारला, "ताई, एसी लावल्यावर पुढचा पंखा लगेच लागतो का?"

बॉनेट उघडून पाहिलं. एसी चालू, कॉम्प्रेसर फिरतोय, आणि दोन्ही नवे पंखे ढिम्म! इंजिनाचं पाणी पुरेसं तापलं तेव्हा कुठे ते सुरू झाले, आणि पाणी निवताच पुन्हा थांबले. पंखे बसवणाऱ्यानं त्यांची वायर फक्त पाण्याच्या तापमानाच्या स्विचला जोडली होती. जुन्या गाडीत एसीचं बटण दाबलं की पंख्याला हुकूम जायचा. तो दुवाच राहून गेला होता. गंमत अशी, की नवा रेडिएटर इतका चांगला, की पाणी तापायलाच उशीर. पाणी तापत नाही म्हणून पंखा लागत नाही, आणि पंखा लागत नाही म्हणून कंडेन्सर भाजून निघतो. जितका रेडिएटर चांगला, तितका पंखा आळशी. जितका पंखा आळशी, तितका एसी दुबळा!

त्यात तीनदा भरलेला गॅस. गॅस कमी नव्हताच; उलट जास्त झाला होता. जास्त गॅस म्हणजे द्रव कंडेन्सरमध्येच साठून राहतो, गार व्हायला जागा कमी पडते आणि दाब आणखी चढतो. कारागिरानं रिले बसवून पंखे एसीशी जोडले, दोन जाळ्यांमधल्या फटी फोमच्या पट्ट्यांनी बंद केल्या, सगळा गॅस मशिनमध्ये काढून घेतला आणि वजनानं मोजून नेमका भरला. कॉम्प्रेसर ठणठणीत होता. सासऱ्यांचं रिक्षाचं बोलणं त्यानंतर निघालं नाही.

घरच्या घरी चार परीक्षा

आता आपल्या गाडीकडे वळू या. ह्या परीक्षांना पैसे लागत नाहीत, पण सावधगिरी मात्र लागते. गाडी मोकळ्या हवेत उभी करा, बंद शेडमध्ये नाही; इंजिनाचा धूर जीवघेणा असतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा (ऑटोमॅटिक असेल तर 'पार्क'ला), आणि कोणीतरी ड्रायव्हरच्या सीटवर बसलेलं असू द्या. पदर खोचून घ्या, ओढणी काढून ठेवा, वेणी मागे बांधा, बांगड्या असतील तर हात आत घालूच नका. विजेचा पंखा किल्ली काढल्यावरसुद्धा आपोआप सुरू होऊ शकतो, हे विसरू नका. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आणि गाडी हायब्रिड किंवा विजेवरची असेल, तर जाड नारिंगी वायरींच्या वाटेला जायचं नाही.

पहिली परीक्षा, वहीची. वर सांगितलं तशीच. चार दिवस वेळ, उन्हाचा ताव, गाडी उभी की धावती, आणि गारवा कसा, हे लिहा. घरात स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मधल्या जाळीत धरा. एसी आतली हवा फिरवण्याच्या बटणावर ठेवून, गाडी धावत असताना, बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ ते २० अंशांनी गार हवा यायला हवी. धावताना गार आणि उभी असताना कोमट, असं असेल तर संशय वाऱ्यावर घ्या. दोन्ही वेळा कोमट, तर संशय गॅसवर, कॉम्प्रेसरवर किंवा आतल्या दरवाजांवर. दोन्ही वेळा हवा गारच आहे पण झुळूकच कमी, तर आधी केबिन फिल्टर पाहा. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो आणि वर्षानुवर्षं कोणी काढलेला नसतो. धुळीनं त्याची गोधडी झालेली असते.

दुसरी परीक्षा, डोळ्यांची आणि कानांची. इंजिन थंड असताना गाडी सुरू करा, एसी पूर्ण लावा, आणि पुढे उभ्या राहून पाहा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर थोड्याच वेळात पंखा लागायला हवा. लागला नाही, तर नागपूरची गोष्ट तुमच्याच घरी घडते आहे! जुन्या धाटणीच्या कॉम्प्रेसरचा 'टक्' आवाज ऐका. दर काही सेकंदांनी टक्-टक् चालू-बंद होत असेल तर दाब फार चढतोय किंवा गॅस फार कमी आहे, ह्या दोन्हीपैकी काहीतरी आहे. काही नव्या गाड्यांत हा आवाज येतच नाही. त्यांचा कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि आतल्या आत जोर कमी-जास्त करतो. तेव्हा आवाज नाही म्हणून घाबरू नका.

तिसरी परीक्षा, वर्तमानपत्राची. पंखा फिरत असताना रविवारच्या पुरवणीचं एक पान गाडीच्या पुढच्या जाळीपाशी धरा. पान आत ओढलं जाऊन जाळीला चिकटलं पाहिजे. ते बाहेर ढकललं गेलं, तर पंखा उलटा फिरतोय. विजेच्या पंख्याच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की तो उलट फिरतो, आणि जो हे पाहत नाही त्याच्या लक्षातही येत नाही, कारण फिरताना तो तितकाच आवाज करतो. पान नुसतंच फडफडलं, किंवा एका कोपऱ्यात चिकटलं आणि बाकी सुटं राहिलं, तर पंखा जाळीचा तेवढाच भाग सांभाळतोय असं समजा.

चौथी परीक्षा, पाण्याची. एसी लावून गाडी दहा मिनिटं उभी ठेवा, हवा कोमट होऊ द्या. मग पुढच्या जाळीतून कंडेन्सरवर हलक्या हातानं पाणी शिंपडा, तुळशीला घालतो तसं. आत इंजिनावर, वायरींवर उडू देऊ नका. मिनिट-दोन मिनिटांत आतली हवा चांगली गार झाली, तर समजा की कॉम्प्रेसर आणि गॅस आपापलं काम करताहेत. अडतंय ते उष्णता बाहेर टाकण्यापाशी. पाण्यानं काहीच फरक पडला नाही, तर मात्र गॅसचा दाब मोजून घ्यायला हवा. पाणी नको वाटत असेल तर घरातला मोठा स्टँडफॅन वायर लांबवून गाडीसमोर ठेवा; तोही हेच सांगेल.

आणखी कोणकोण अडवतं?

पंख्याचा हुकूम चुकणं हे मोठं कारण खरं, पण एकटं नाही. नवं सामान बसवल्यावर आणखी काही गोष्टी हळूच बिघडतात.

पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच. हे दिसायला फालतू वाटतं, म्हणून जागा करायला पहिल्यांदा तेच काढून टाकतात. पण ते असल्यामुळेच पंखा संपूर्ण जाळीतून हवा ओढतो. शहाळ्याच्या नळीला मध्येच भोक असलं की कितीही ओढा, पाणी येत नाही, तसंच इथे. कवच नसलं, किंवा कंडेन्सर आणि रेडिएटर ह्यांच्या कडेला बोटभर फट राहिली, की पंखा सोप्या वाटेनं हवा घेतो. कंडेन्सर बाजूलाच राहतो. शिवाय गाडी उभी असताना इंजिनाकडची गरम हवा त्याच फटीतून वळसा घालून पुन्हा पुढे येते. फोमच्या किंवा रबराच्या पट्ट्या लावणं हा स्वस्तातला आणि हमखास उपाय.

पुढे लावलेला जास्तीचा पंखा. मागे जागा नाही म्हणून कधी कंडेन्सरच्या पुढे, हवा ढकलणारा पंखा बसवतात. सिग्नलला तो कामी येतो, पण गाडी वेगात असताना त्याचंच धूड वाऱ्याच्या वाटेत येतं. त्यातही तो प्लॅस्टिकच्या बंदांनी थेट जाळीत ओवून बांधला असेल, तर हादऱ्यांनी बंद घासत राहतात आणि एक दिवस नळीला छिद्र पडतं. पंखा चौकटीला पट्ट्या लावून बसवलेला हवा.

नाकासमोरचा पसारा. तेल गार करणारी जाळी कंडेन्सरच्या पुढे बसवली, की तिच्यातून तापून निघालेला वाराच कंडेन्सरला मिळतो. उकळत्या वरणावर हात धरून गार हवा मागण्यातला प्रकार! मोठाले फॉगलाइट, नावाच्या पाट्या, शोभेच्या जाळ्या ह्यांचंही तेच. लोखंडी बुलगार्डची तर गोष्टच सोडा. गाडीला असे गार्ड लावणं नियमाविरुद्ध आहे, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं २०१७ च्या डिसेंबरात राज्यांना कळवलं होतं. धडकेच्या वेळी ते पादचाऱ्याला आणि आतल्यांनाही घातक ठरतात. गारव्यासाठी नाही, तरी त्यासाठी काढा.

विजेची ओढाताण. जोरदार पंखा दहा-पंधरा अँपिअर सहज खातो, दोन असले की दुप्पट. वायर बारीक असेल, रिले नसेल, अर्थिंगचा स्क्रू गंजलेल्या पत्र्यावर बसवला असेल, तर पंखा फिरतो पण जीव नसल्यासारखा. सिग्नलला उभं असताना हेडलाइट मंद होत असतील तर अल्टरनेटरला हा भार झेपत नाही असं ओळखावं. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. दोन मिनिटांचं मोजमाप आहे, करून घ्या.

हीटरचं गरम पाणी. रेडिएटर बदलताना इंजिनाच्या पाण्याच्या नळ्या सुट्या केल्या जातात. परत जोडताना अदलाबदल झाली, किंवा हीटरची तोटी अर्धवट उघडी राहिली, तर डॅशबोर्डमागे एका जाळीत गारवा आणि शेजारच्या जाळीत गरम पाणी, असा तमाशा चालतो. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, म्हणून तिकडे कोणाचं लक्ष जात नाही. कारागिराला सांगून हीटरकडे जाणारी नळी थोडा वेळ चिमट्यानं दाबून पाहायला लावा. हवा गार झाली, तर चोर सापडला.

आणि शेवटी खरोखरचा गॅस. जाड रेडिएटर बसवायला पुष्कळदा कंडेन्सर हलवावा लागतो. नळ्या पिळल्या जातात, सांध्यातली रबरी कडी दबते, आणि गॅस हळूहळू निसटतो. सांध्यापाशी तेलकट, धुळकट डाग दिसला तर तिथेच गळती शोधा.

'गॅस भरून टाका' म्हणण्याआधी

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो जळून संपत नाही. मोठ्या प्रमाणात कमी झाला असेल, तर तो कुठूनतरी गळला आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे तळाला चीर गेलेल्या माठात पाणी ओतत राहणं.

नीट भरण्याची पद्धत अशी. उरलेला गॅस मशिनमध्ये काढून घ्यायचा, हवेत सोडायचा नाही. आर-१३४ए पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक प्रभावी आहे. त्याच्या आधीचा आर-१२ तर ओझोनचा थर खात होता, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानं त्याला निरोप दिला. गॅस काढल्यावर निदान अर्धा तास पंपानं निर्वात करायचं, म्हणजे आतली हवा आणि ओल निघून जाते. मग बॉनेटखालच्या चिकटपट्टीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस काट्यावर मोजून भरायचा. लहान गाडीत तो बहुधा अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. शंभर ग्रॅमची चूकसुद्धा तिथे फार मोठी. 'हाताला गार लागलं की बास' हा अंदाज पुरणपोळीच्या सारणाला चालेल, इथे नाही.

गॅसचा डबा सीलबंद आहे का, त्यावर नाव काय आहे, हे स्वतः वाचा. नव्या गाड्यांपैकी काहींत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो. एकात दुसरा मिसळत नाहीत. स्वस्तात मिळणाऱ्या बिनानावाच्या डब्यांत पेट घेणारा वायू असू शकतो. पैसे वाचवायची ही जागा नव्हे.

कंडेन्सर धुवायचा असेल तर साध्या नळाच्या धारेनं, इंजिन निवल्यावर. सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्यानं त्याच्या नाजूक पाकळ्या चपट्या होतात आणि वाराच बंद होतो.

गॅरेजात विचारायचे सहा प्रश्न

हे कापून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलंत तरी चालेल.

१. एसी लावल्यावर नवा पंखा आपोआप लागतो का? मला लावून दाखवा.

२. पंखा हवा आत ओढतो की बाहेर ढकलतो? कागद धरून दाखवा.

३. पंख्याचं कवच परत बसवलंत का? कडेच्या फटी बंद केल्यात का?

४. पंख्याला वेगळा रिले आणि फ्यूज दिला आहे का?

५. एसीची नळी सोडवली होती का? सोडवली असेल तर रबरी कड्या नव्या घातल्या का?

६. गॅस किती ग्रॅम काढला आणि किती ग्रॅम भरला? बिलावर लिहून द्या.

मुळात गरज होती का?

एक गोष्ट शेवटी सांगायलाच हवी. गाडी तापते म्हणून लगेच मोठा रेडिएटर आणायचं कारण नसतं. कंपनीनं दिलेला रेडिएटर त्या गाडीला पुरावा असाच बनवलेला असतो. आत गाळ साचला असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल, झाकणाचं रबर गेलं असेल, कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणीच ओतलं असेल किंवा मूळ पंखाच मेला असेल, तर आधी ते पाहावं. ह्यांतलं बरंचसं थोडक्या खर्चात निभावतं. ते सोडून नवं सामान चढवणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून अंगावर दुसरी शाल घालणं!

दुरुस्ती होईपर्यंत काय करावं? शक्य तेवढं सकाळी लवकर निघा. गाडी सावलीत ठेवा, काचेवर आतून ऊनपडदा लावा. निघताना दोन मिनिटं काचा खाली करून आतली भाजकी हवा बाहेर जाऊ द्या, मग काचा वर करून आतली हवा फिरवण्याचं बटण दाबा. कोंडीतला रस्ता टाळून चालता राहणारा रस्ता धरा, भले एक-दोन किलोमीटर जास्त पडोत. आणि काही झालं तरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस बंद गाडीत "एवढ्यात येते" म्हणून ठेवू नका. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत साधारण दहा अंशांनी चढतं. भाजी घ्यायला तेवढा वेळ सहज जातो.

वरचे सहा प्रश्न विचारलेत की गॅरेजवाला जरा चपापेल. "ताई, गाडी तुम्हीच चालवता का?" असंही विचारील. चालवत असाल तर हो म्हणा. चालवत नसाल तर सांगा, "चालवत नाही, पण मागच्या सीटवर आमची आजारी माणसं बसतात." आणि त्याला कागद धरून दाखवायला सांगा.